बांध कुठं गेला?

पहार मुरुमाला भिडली की ते आधी मनगटाला कळतं, मग कानाला. वाफशावर आलेल्या काळ्या मातीत ती मुकाट खाली उतरत असते आणि एकाएकी हाताला झिणझिण्या येतात, खालून ‘खर्र’ असा आवाज येतो. मग दादा जमिनीला लागून पहारीवर अंगठा दाबून धरतो, पहार उपसतो, आणि मी टेपने मोजून वहीत आकडा लिहिते. गेल्या दिवाळीत, भाऊबीज उरकल्यावर, इंदापूर तालुक्यातल्या आमच्या ३ एकरांच्या वावरात आम्ही दोन दिवसांत हे १२० वेळा केलं.

वावर उताराचं आहे. वरच्या अंगाला माळ, खालच्या अंगाला ओढा. माझा थोरला चुलतभाऊ ते कसतो. घरात आणि भावकीत सगळे त्याला दादाच म्हणतात. त्याची तक्रार जुनी होती. पाणी सारखं, खत सारखं, बेणंही एकच. तरी वरच्या पट्ट्यातला ऊस उन्हाळ्यात सगळ्यांत आधी माना टाकतो, मधला पट्टा नजर लागावी असा येतो आणि ओढ्याकडच्या उसावर केवडा पडतो, पानं पिवळी-पांढरी होत जातात. मी पुण्याला राहते, लिहिते. माझ्या वडिलांचे एक स्नेही जन्मभर मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहेत. त्यांना आम्ही सर म्हणतो. दादाची तक्रार मी सरांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “माती कशी काढली होती तपासायला?”

दादाने काढली होती ती पुस्तकात सांगतात तशीच. वावरातून नागमोडी चालत जायचं. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, पाटाच्या कडेला थांबायचं नाही. जागोजागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती खुरप्याने खरवडून घमेल्यात टाकायची. शेवटी सगळी माती गोणपाटावर ओतून कालवायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. अर्धा किलो राहीपर्यंत हेच. ती पिशवी प्रयोगशाळेत जाते आणि तिथून सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश असे आकडे येतात.

“कालवलीत ना? मग वरची, मधली, खालची अशी तीन वावरं तुम्ही एका पिशवीत भरलीत,” सर म्हणाले. “आलेला आकडा चुकीचा नाही. फक्त तो आकडा ज्या मातीचा आहे, ती तुमच्या वावरात कुठेच नाही.”

दादाने घरातून मृद आरोग्य पत्रिका आणून दाखवली. शेजारच्या दोघांच्या पत्रिकांवरही तेच आकडे होते. यात लबाडी नव्हती, योजनेची आखणीच तशी होती. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगढला ही योजना सुरू झाली. पहिल्या फेऱ्यांमध्ये बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना आणि जिरायतीत दहा हेक्टरांना एक नमुना असं ठरलं होतं; चौकटीत जेवढे खातेदार असतील तेवढ्यांना त्याच नमुन्याचा निकाल. अडीच हेक्टर म्हणजे सहा एकरांहून थोडं जास्तच. देशभरातल्या कोट्यवधी वावरांची माती तपासायची तर कुठेतरी चौकट आखावी लागणारच, हे मला मान्य आहे. या पत्रिकेमुळे ‘सामू’ हा शब्द आमच्या गावात पारावर बोलला जाऊ लागला, ही लहान गोष्ट नाही. पण चौकटीच्या आत माती कशी बदलते, हे त्या कागदावर येऊच शकत नव्हतं. दादा म्हणाला, “कार्ड खोटं न्हाय. पण ते माझ्या वावराचं न्हाय.”

सरांनी मग आम्हाला कालवणं बंद करायला लावलं. सुतळी ताणून दर २० मीटरवर खुंटी ठोकायची. आमच्या वावरात अशा ३० खुंट्या बसल्या. शिवाय ६ जागी, मुद्दाम, खुंटीपासून हातभर अंतरावर आणखी एकेक खुंटी. या ३६ जागांची माती ३६ वेगळ्या कापडी पिशव्यांत, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. माती काढायला सरांचं गिरमिट होतं, सुताराच्या गिरमिटासारखंच, पण मनगटाएवढ्या जाडीचं. आणि खोलीसाठी पहार. “प्रयोगशाळेला पैसे पडतात, पहारीला पडत नाहीत,” सर म्हणाले. “मधे आणखी खुंट्या ठोका आणि खोली १२० ठिकाणी मोजा.”

इंदापूरच्या मातीला पहार नवी नाही. इंग्रजी अमलात पुणे भागात सारा ठरवण्यासाठी रॉबर्ट प्रिंगल यांनी केलेली पाहणी फसली, रयत हैराण झाली, आणि मग हेन्री गोल्डस्मिड व लेफ्टनंट जॉर्ज विंगेट या दोघांनी नव्याने मोजणी हाती घेतली ती याच तालुक्यात. त्यांचे दर १८३६ साली पहिल्यांदा इंदापूरला लागू झाले, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात त्या पद्धतीचे नियम पक्के झाले. आपण जिला प्रतबंदी म्हणतो ती हीच.

सरांच्या पिशवीत प्रतबंदीच्या तक्त्याची हाताने उतरवलेली प्रत होती. ओट्यावर बसून त्यांनी ती उलगडली तेव्हा मी थक्क झाले. मातीच्या तीन जाती: बारीक, एकसारख्या पोताची काळी ते गडद तपकिरी, तिच्याहून भरड, बहुधा तांबडी, आणि खडेमिश्रित, भुसभुशीत, राखाडीकडे झुकणारी. प्रत्येक जातीची खोली हातात मोजायची, तीही पाव-पाव हाताच्या फरकाने. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असेल तर १६ आणे. दीड हात असेल तर १४. एक हात असेल तर १०. पाव हात असेल तर साडेचार. तळाच्या नवव्या वर्गाला २ आणे. त्याउपर दोष लावायचे: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी न जिरणं, ओघळीने वाहून जाणं, ओल धरून राहणं. प्रत्येक दोषामागे माती एक वर्ग खाली उतरायची. हे सगळं एका शेताला एकदाच लावायचं नव्हतं, हे महत्त्वाचं. शेताचे चौकोन पाडायचे आणि चौकोनागणिक खोदून बघायचं.

सरकारला त्यातून सारा हवा होता, शेतकऱ्याचं भलं हा हेतू दुय्यम होता, हे विसरून चालणार नाही. तरीही एका शेतात अनेक माती नांदतात हे त्या क्लासरांना, म्हणजे प्रतबंदी करणाऱ्यांना, कळलं होतं आणि त्यांनी ते कागदावर चौकोनाचौकोनाने मांडलं होतं. पुढे मात्र त्या चौकोनांच्या आण्यांची सरासरी काढून शेताला एकच आकडा दिला जाई, कारण सारा एकच भरायचा असे. चौकोन प्रतबंदीच्या वहीत, प्रतिबुकात, राहिले, आणे सारेबंदीत गेले. दादा तक्त्याकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, “म्हंजे त्येंनीबी शेवटी कालवलंच की.”

संध्याकाळी सरांनी लॅपटॉप उघडला आणि आमच्या १२० आकड्यांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक खुंटीची उरलेल्या प्रत्येक खुंटीशी जोडी. अशा ७,१४० जोड्या होतात. प्रत्येक जोडीत दोनच गोष्टी बघायच्या. दोन खुंट्यांत अंतर किती, आणि त्यांच्या खोलीत फरक किती. फरकाचा वर्ग करायचा, तो निम्मा करायचा, साधारण सारख्या अंतरावरच्या सगळ्या जोड्यांची सरासरी काढायची आणि आलेखावर एक ठिपका द्यायचा. वीस मीटरवरच्या जोड्यांचा एक ठिपका, चाळीस मीटरवरच्यांचा एक, असं पुढे पुढे.

या आलेखाला व्हेरिओग्राम म्हणतात. या साऱ्या विद्येचा जीव त्यात आहे, म्हणून इथे जरा थांबते. शेजारची माती शेजारासारखी असते, दूरची निराळी असते, हे कुणालाही ठाऊक आहे. पण किती शेजारची? कुठवर शेजार धरायचा? पाच हातांवर की पन्नास? हे माणसाने आधीच ठरवून टाकायचं नसतं, ते त्या वावराच्या मातीलाच विचारायचं असतं. व्हेरिओग्राम म्हणजे ते विचारणं. ठिपके डावीकडे खाली असतात, कारण जवळच्या जोड्यांत फरक कमी. अंतर वाढेल तसे ते वर चढतात. आणि एका अंतरानंतर चढणं थांबतं, ठिपके सपाटीला लागतात. त्या सपाटीच्या उंचीला सिल म्हणतात, आणि सपाटी जिथून सुरू होते त्या अंतराला पल्ला. पल्ल्याच्या आतल्या दोन जागा एकमेकींविषयी काहीतरी सांगू शकतात. पल्ल्याच्या पलीकडच्या एकमेकींना ओळखत नाहीत.

आमचा पहिला आलेख सपाटीला लागेचना. ठिपके चढतच राहिले. मला वाटलं, मोजण्यात घोळ झाला. सर मात्र खूष झाले. “हा तुमचा उतार बोलतोय,” ते म्हणाले. माळाकडून ओढ्याकडे माती खोल होतच जाते. शतकानुशतकं पावसाने वरची माती खाली नेऊन टाकली आहे. त्यामुळे दोन खुंट्या जितक्या लांब तितका फरक वाढणारच. हा सरळ उताराचा भाग आधी हिशेबाने बाजूला काढावा लागतो आणि उरलेल्या चढउतारांचा व्हेरिओग्राम करावा लागतो. तो केल्यावर साठेक मीटरवर ठिपके आडवे झाले.

आता त्या हातभर अंतरावरच्या सहा खुंट्या. दोन जागांत अंतर जवळपास शून्य असेल तर फरकही शून्यच हवा. तसा तो नसतो. प्रयोगशाळेचे आकडे आले तेव्हा हातभर अंतरावर स्फुरदाचे आकडे दुप्पट-तिप्पट निघाले, कारण एका जागी कधीतरी खताची मूठ जास्त पडली असेल, बैल बांधला असेल, पाळी बुजली असेल. व्हेरिओग्राम शून्यापासून न निघता वरूनच निघतो. या सुरुवातीच्या उडीला नगेट म्हणतात, म्हणजे सोन्याचा खडा. मातीच्या शास्त्रात सोन्याचा खडा कुठून आला, याची गोष्ट दक्षिण आफ्रिकेत जाते.

विटवॉटर्सरँडच्या डोंगरकडेला १८८६ साली सोनं सापडलं आणि जोहान्सबर्ग उभं राहिलं. तिथलं सोनं खडकाच्या पातळ थरात बारीक कणांनी विखुरलेलं आहे. खडकात भोक पाडून नमुना घ्यायचा आणि त्यावरून ठरवायचं की इथे खोदायचं की नाही. भोकं महाग, म्हणून थोडी. एका भोकात एखादा कण जास्त आला की तो सगळा भाग श्रीमंत वाटायचा, आणि खोदल्यावर निराशा व्हायची. उलट गरीब ठरवून सोडून दिलेल्या भागात अंदाजापेक्षा जास्त सोनं असायचं. डॅनी क्रिग या तरुण खाण अभियंत्याने १९५१ साली हे चूक का होतं ते दाखवलं: एकट्या नमुन्यावर विसंबू नका, आजूबाजूच्या नमुन्यांकडे त्याला ओढून घ्या, आणि किती ओढायचं ते आकड्यांनाच ठरवू द्या. फ्रान्समधल्या जॉर्ज मॅथेरों यांनी या विचाराला पक्कं गणित दिलं आणि क्रिगचा मान ठेवून त्या पद्धतीला क्रिगचंच नाव दिलं. आज जगभर तिला क्रिगिंग म्हणतात. मॅथेरों यांचा इंग्रजीतला गाजलेला लेख १९६३ चा. त्याच वर्षी सोव्हिएत रशियात लेव्ह गांदिन यांनी हवामानाच्या नोंदींसाठी जवळपास हेच गणित स्वतंत्रपणे मांडलं. खाणीतला माणूस आणि आभाळाचा अभ्यासक एकाच गणितापाशी येऊन पोचावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मातीत ते यायला १९८० उजाडलं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या १८४३ पासून चालू असलेल्या शेती संशोधन केंद्राशी जोडलेलं रिचर्ड वेबस्टर हे नाव या क्षेत्रात आदराने घेतलं जातं. त्यांनी बर्जेस यांच्याबरोबर मातीच्या गुणधर्मांचे नकाशे क्रिगिंगने कसे काढायचे ते लिहिलं. पण रॉथमस्टेडला माती बदलते याचा धडा त्याच्या कितीतरी आधी मिळाला होता. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मर्सर आणि हॉल या दोघांनी गव्हाच्या एका एकराचे, डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या पिकाचे, ५०० तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याचं धान्य वेगळं तोललं. सगळ्यांत कमी भरलं २.७३ पौंड, सगळ्यांत जास्त ५.१६ पौंड. एकच बियाणं, एकच खत, एकच एकर, आणि फरक जवळपास दुपटीचा. दादाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, “त्येंच्यात उतार किती हुता?”

क्रिगिंगने नकाशा निघतो तो असा. जिथे आपण पहार मारलेली नाही अशी एक जागा घ्यायची. तिच्या आसपासच्या खुंट्यांचे आकडे घ्यायचे आणि प्रत्येकाला वजन द्यायचं. सगळ्या वजनांची बेरीज एक. कुणाला किती वजन द्यायचं ते व्हेरिओग्राम सांगतो, चूक कमीत कमी व्हावी अशा बेताने. नुसत्या अंतरावर वजन देणाऱ्या पद्धतीही आहेत आणि घाईच्या कामाला त्या चालतात. पण क्रिगिंगला एक जास्तीची समज आहे. समजा, आपल्या जागेच्या पश्चिमेला वीस मीटरवर एक खुंटी आहे, आणि पूर्वेला वीस मीटरवर दोन खुंट्या एकमेकींना चिकटून आहेत. अंतर तिघींचं सारखं, म्हणून नुसती अंतराची पद्धत तिघींना सारखं वजन देईल. क्रिगिंग पश्चिमेच्या एकटीला जवळजवळ निम्मं देतं आणि पूर्वेच्या दोघींत उरलेलं निम्मं वाटतं. गावात तंटा निवडताना पंच हेच करतात: एका घरातल्या दोन भावांची साक्ष ही एकाच साक्षीच्या आसपास धरायची.

मिठाचं प्रकरण वेगळं निघालं. ओढ्याकडच्या तीन-चार पिशव्यांत क्षारता भलतीच होती, बाकी सगळीकडे साधारण. असा एखादा मोठा आकडा सरासरीला आपल्याकडे ओढून नेतो आणि व्हेरिओग्राम बिघडवतो. म्हणून आकड्यांचे आधी लॉगॅरिदम घेतात. क्रिगलाही सोन्याच्या आकड्यांसाठी तेच करावं लागलं होतं. शिवाय ३६ नमुने व्हेरिओग्रामला अपुरेच. वेबस्टर आणि मार्गारेट ऑलिव्हर यांनी १९९२ साली तपासून सांगितलं होतं की शंभराच्या खाली भरवसा धरू नका आणि दीडशे असतील तर बरं. सर म्हणाले, “क्षारांचा नकाशा मी काढून देईन, पण त्याची हमी देणार नाही. खोलीच्या नकाशाची देईन.” खोली आणि क्षार यांचं आमच्या वावरात नातं दिसत होतं, खाली खोल माती आणि तिथेच पाणी तुंबतं, तेव्हा स्वस्तात मोजलेल्या १२० खोल्यांचा आधार महागड्या ३६ आकड्यांना देता आला. त्यालाही रीतसर गणित आहे. पण आधार तो आधार, हे सरांनी दोनदा बजावलं.

नकाशा छापून आला तो दिवस मला नीट आठवतो. वहिनींनी चहा ठेवला होता. पिवळा म्हणजे उथळ, हिरवा मध्यम, गडद निळा म्हणजे पाऊण मीटरहून खोल. माळाकडून ओढ्याकडे रंग इतके सुरेख बदलत गेले होते की मला तो भिंतीवर लावावासा वाटला. दादाने कागद हातात घेतला, फिरवला, पुन्हा सरळ केला.

“बांध कुठं गेला?” तो म्हणाला.

वावराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात एक आडवा बांध आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी दादाने त्या बांधाच्या वरच्या अंगाला तलावातला गाळ आणून पसरला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना २०१७ साली आली तेव्हापासून आमच्या भागात गाळ ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रीघ असते. उजनीचं पाणी उतरलं की काठावरूनही माणसं गाळ काढतात. मुरमाड पट्ट्यावर वीतभर गाळ पडला की ती जमीन पालटते. म्हणजे बांधाच्या वर माती जाड, बांधाच्या लगेच खाली उघडा मुरूम, आणि मग हळूहळू पुन्हा खोल. एका पावलाचा फरक. क्रिगिंगने तो फरक पुसून दोन्ही बाजूंना गोडीगुलाबीने मिसळवून टाकला होता.

सरांनी कागद घेतला आणि कपाळाला हात लावला. चूक त्यांचीच होती, ते म्हणाले, विचारायला हवं होतं. हे गणित धरून चालतं की माती सगळीकडे एकाच रीतीने बदलते. निसर्गाने घडवलेल्या जमिनीत ते बऱ्याच अंशी खरं असतं. पण आपली जमीन माणसांनीही घडवली आहे. सपाटीकरणात यंत्राने एका बाजूची सुपीक माती दुसरीकडे लोटली असेल, जुनी विहीर बुजवली असेल, वाटणीत बांध सरकला असेल, गाळ पडला असेल. यातलं काहीही खुंट्यांच्या आकड्यांना स्वतःहून माहीत नसतं. नकाशाचे दोन तुकडे करून, बांधाच्या वरचा वेगळा आणि खालचा वेगळा, हिशेब पुन्हा केला. आता कागदावर बांध दिसू लागला.

तेव्हापासून माझं मत झालं आहे ते इथे सांगते. या नकाशांवर मेहनत घेणारी बरीच मंडळी उपग्रहाची चित्रं, संगणक, नवी नवी गणितं यांत रमतात, आणि त्यातून मोठी कामंही झाली आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने देशाचा १ : २,५०,००० प्रमाणाचा मृदा नकाशा काढला तेव्हा १० किलोमीटरच्या जाळीवर नमुने घेतले होते, एवढ्या पसाऱ्याच्या देशात ते अचाट काम होतं. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनची एक संस्था साऱ्या जगाचा २५० मीटरच्या चौकोनांचा मातीचा नकाशा सगळ्यांना मोफत बघायला देते. पण २५० मीटरचा एक चौकोन म्हणजे पंधरा एकर. आमच्यासारखी पाच वावरं त्यात बुडतात. वावराच्या आतला नकाशा वावरातच काढावा लागतो, आणि जो ते कसतो त्याला शेजारी बसवूनच काढावा लागतो. महागडं यंत्र त्यासाठी लागत नाही. पहार, सुतळी, दोन दिवस, आणि गावातल्या शाळा-कॉलेजातलं एखादं हुशार पोर एवढ्यावर खोलीचा नकाशा निघतो.

सरांनी मग एक परीक्षा घेतली. एका खुंटीचा आकडा झाकायचा आणि उरलेल्या ११९ वरून संगणकाने तो ओळखायचा. असं प्रत्येक खुंटीचं करायचं असतं. नकाशा किती भरवशाचा ते त्यातून कळतं. सरांनी त्यातल्या दहा खुंट्या निवडल्या आणि संगणकाबरोबर दादालाही विचारलं. वही मी झाकून धरली होती. सहा ठिकाणी संगणक खऱ्या आकड्याच्या जास्त जवळ आला, चार ठिकाणी दादा. दादा जिथे जिंकला त्यातल्या दोन जागा बांधालगतच्या होत्या. “हितं नांगराचा फाळ घासतो,” एवढंच कारण त्याने दिलं. सरांनी ते वाक्य वहीत टिपून घेतलं.

नकाशाबरोबर आणखी एक कागद होता. तो मला आधी निरुपयोगी वाटला. खोलीच्या नकाशासारखाच, पण त्यात रंग खोलीचे नव्हते, अंदाजात किती चूक असू शकते त्याचे होते. खुंट्यांभोवती फिकट गोल, खुंट्यांपासून लांब गडद. क्रिगिंग अंदाज सांगतं तेव्हा त्याबरोबर स्वतःची शंकाही सांगतं, आणि सरांच्या मते क्रिगची आणि मॅथेरोंची खरी देणगी ती आहे. पण तिचीही मर्यादा त्यांनी लगेच सांगितली. ही शंका खुंट्यांच्या मांडणीवरून येते. जिथे कुणी विचारलं नाही तिथे ती गडद होते. बांधासारखी गोष्ट मधे आली तरी तिचा रंग बदलत नाही.

शेतकऱ्याच्या हातात पत्रिका देताना हा दुसरा कागद आपण कधीच देत नाही. ‘स्फुरद मध्यम’ असं छापतो, आणि ते किती खुंट्यांवरून म्हणतोय हे छापत नाही. मला हे खटकतं. औषधाच्या बाटलीवर आपण मुदत छापतो. मातीच्या आकड्यावर त्याची शंका छापायला काय हरकत आहे? शेतकऱ्याला शंका समजणार नाही असं म्हणणाऱ्याने एकदा पावसाविषयी शेतकऱ्याशी बोलून बघावं. तो जन्मभर शंकेवरच पेरत आलेला असतो.

दादाने नकाशावरून काही गोष्टी केल्या. खालच्या पट्ट्याला तो सरळ जिप्सम टाकणार होता, सरांनी थांबवलं. मीठ वेगळं आणि सोडियमने बिघडलेली चोपण माती वेगळी. सामू साडेआठच्या वर आणि मातीला चिकटलेलं सोडियम जास्त असेल तरच जिप्सम, नाहीतर आधी पाण्याला वाट. तपासणी करून घेतली, आणि मग आधी चर खणला. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीत भोकांचे पाईप गाडून निचरा करतात. तो खर्च आत्ता त्याला झेपणारा नव्हता. वरच्या पट्ट्यात उसाऐवजी हरभरा गेला. खताच्या गोण्या तीन ढिगांत वेगळ्या ठेवल्या गेल्या. किती फायदा झाला हे मी लिहिणार नाही, एका हंगामावरून तसं काही म्हणणं चुकीचं होईल.

नकाशे हातात असताना सरांनी एक शेवटचं काम सांगितलं. शंकेच्या कागदावर सगळ्यांत गडद डाग होता तो ओढ्याकडच्या कोपऱ्यात, बाभळींच्या गचपणात. काट्यांमुळे आम्ही तिथे खुंटी ठोकलीच नव्हती. “आता एकच खुंटी मारायची असेल तर ती तिथे मारा,” ते म्हणाले. “दुसरीकडे कुठेही मारली तरी इतकं नवं कळणार नाही.”

दादाने कोयत्याने वाट केली. वहिनी मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. पहिल्या दणक्याला पहार हातभर गेली. दुसऱ्याला दोन हात. मी टेप उघडून खर्र आवाजाची वाट बघत होते. पहार पूर्ण गाडली गेली, दादाची मूठ जमिनीला टेकली, तरी मुरूम लागला नव्हता.

“हितं आजोबांचं धान्याचं पेव हुतं,” वहिनी म्हणाल्या. “मला सासूबाईंनी दावलीवती जागा. बुजवली मागनं.”

सरांनी चष्मा काढून पुसला. मी वहीत १२१ असा क्रमांक घातला आणि खोलीच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांना विचारलं.

“पहारीची लांबी लिहा,” ते म्हणाले, “आणि पुढे अधिकचं चिन्ह करा. आणि शेजारी पेव लिहा. वहिनींनी सांगितलं असंही लिहा.”